मयतानं हलायचं नसतं

घड्याळजींनी शर्ट वर करून पोट दाखवलं, तेव्हा औषधवाल्यांनी आधी दुकानाच्या दाराकडे पाहिलं आणि मग पोटाकडे. दारात कोणी नव्हतं. पोटावर मात्र भलतीच गर्दी होती. लालभडक गांध्या एकमेकींना खेटून उठल्या होत्या आणि त्यातल्या काही कंबरेला वळसा घालून पाठीकडे निघाल्या होत्या.

"कधीपासून?" औषधवाल्यांनी विचारलं.

"झाले चार-पाच दिवस. साबण असेल."

"नवीन आणलाय?"

"नाही, जुनाच. पण बिघडतो एखाद्या वेळी."

"साबण बिघडत नसतो, घड्याळजी! गोळी आहे ही. तुमची रक्तदाबाची गोळी. हजारात एखाद्याला सोसत नाही, तो एखादा म्हणजे तुम्ही. डॉक्टरांनी बजावलं नव्हतं, अंगावर काही उठलं तर त्याच दिवशी या म्हणून?"

"बजावलं होतं."

"मग?"

"आज दुपारी नाटक आहे," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी शर्ट खाली केला.

नाटकात औषधवालेही होते. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर बाहेर गेलेले, चार वाजता येणार. नाटक दोनला. "ठीक आहे," औषधवाले म्हणाले. "पडदा पडला की रंग न पुसता दवाखाना. आणि ऐका, नुसती खाज असेल तर सोसा. पण ओठ सुजले, जीभ जड झाली, श्वास लागायला लागला, तर मी थांबणार नाही. नाटक गेलं खड्ड्यात, मी पडदा पाडीन."

"आणि घरी बोलायचं नाही," घड्याळजींनी आठवण केली.

"नाही बोलणार. पण तुमचं हे लपवणं एक दिवस अंगाशी येणार आहे."

ते अंगाशीच काय, अंगावर आलेलं होतं, पण घड्याळजींना त्या क्षणी विनोद सुचण्यासारखी परिस्थिती नव्हती.

महिन्यापूर्वी घड्याळजींना आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसल्या बसल्या गरगरलं होतं. ते कोणाला न सांगता डॉक्टरांकडे गेले, डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा चढलेला पाहून भुवया चढवल्या आणि रोजची एक गोळी सुरू केली. घरी सांगायचा प्रश्नच नव्हता. बायकोला सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून किल्ली पदराला बांधली असती. मुलीला सांगितलं असतं तर ती नाटक सोडून बापाच्या उशाशी बसली असती. म्हणून घड्याळजींनी गोळ्या दुकानातच ठेवल्या. भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ होतं, मालक न्यायला न आलेलं. त्याच्या पेटीत, लंबकाच्या मागे, गोळ्यांची पट्टी अगदी बेमालूम बसली. फक्त लंबक तिच्यावर आपटायला लागला, म्हणून त्यांनी घड्याळ बंद करून ठेवलं. ही जागा जगात कोणाला सापडणार नाही अशी त्यांची खात्री होती.

त्यानंतर आठवडाभरातच मुलगी संध्याकाळी दुकानात आली. ती गावातल्या हौशी मंडळासाठी नाटकं लिहायची आणि बसवायची. यंदाच्या स्पर्धेत जे नाटक पहिलं येईल ते मोठ्या नाट्यगृहात लागणार होतं आणि लिहिणाऱ्याला तिथे काम मिळणार होतं. तीन वर्षं ती यासाठी झिजत होती. आधीच्या दोन्ही नाटकांना घड्याळजी गेले नव्हते, कारण नाटकं दुपारी असायची आणि दुकान दुपारी उघडं असायचं. ही गोष्ट मुलगी कधी बोलून दाखवत नसे, त्यामुळे ती त्यांना जास्तच टोचत असे.

"बाबा, एक भूमिका आहे," मुलगी म्हणाली. "मुख्य म्हणता येईल. पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर."

"मला? संवाद पाठ व्हायचे नाहीत माझ्याच्यानं."

"संवाद नाहीत. तुम्ही मेलेले आहात."

घड्याळजींना भूमिका एकदम पटली. केसाएवढी स्प्रिंग बसवताना ते असे काही श्वास रोखून बसायचे, की गिऱ्हाईक घाबरून हाक मारायचं. या कामाला गावात त्यांच्यासारखा दुसरा माणूस नाही, हे त्यांनाही मान्य होतं.

बायकोनं मात्र घर डोक्यावर घेतलं. "अगं, जन्मदात्या बापाला मारतेस? आणि वर तिकीट लावून दाखवतेस?" पण रात्री मायलेकी स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजल्या आणि सकाळी बायको नरम आली. "जा हो तालमीला," ती म्हणाली. "पोरीचं मन मोडू नका." घड्याळजींना वाटलं, कलेपुढे अखेर ही सुद्धा वाकली.

रोज दुपारी तासभर तालीम व्हायची. बाकीचे चुकायचे, थांबायचे, चहा प्यायचे. घड्याळजींना मात्र सोफ्यावरून हलायची परवानगी नव्हती. "बाबा, डोळे मिटा. श्वास हळू. हात सैल सोडा," मुलगी सांगायची आणि त्यांनी जरा मान वळवली की म्हणायची, "मयतानं हलायचं नसतं." दिग्दर्शक म्हणून पोर कडक आहे, याचा घड्याळजींना फार अभिमान वाटायचा.

असं सगळं जुळून आलं होतं आणि नेमक्या या घटकेला त्यांचं अंग त्यांच्यावर उलटलं होतं.

दुपारी रंगपटात बसेपर्यंत गांध्या मानेवर पोचल्या. रंगवणाऱ्यानं त्यांच्या चेहऱ्याला राखाडी लेप लावला, मागे सरून पाहिलं आणि भुवई उडवली. "कमाल आहे. मी मेल्यासारखं करतोय आणि तुम्ही गुलाबी होताय."

"आणखी लावा," घड्याळजी म्हणाले.

त्यानं आणखी लावला. त्यावर गळ्यापर्यंत बटणं असलेला लोकरी कोट चढला, कारण नाटकातला मयत श्रीमंत होता. उघड्या अंगाला जी खाज नुसती कुरकुरत होती, ती लोकरीखाली बोंबलायला लागली.

मुलगी डोकावली. बापाकडे जरा जास्तच वेळ पाहून तिनं विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?"

"मेलेल्या माणसाला काय व्हायचंय?"

ती हसली, पण हसताना तिची बोटं एकमेकांत गुंतली होती. "परीक्षकबाई आल्यात," ती म्हणाली. "सकाळपासून दोन नाटकं पाहिली, चेहऱ्यावर माशी हलली नाही म्हणे. शेवटचं आपलं. बाबा, आजच्या दिवस…"

"हलणार नाही," घड्याळजी म्हणाले आणि मनातल्या मनात त्यांनी शपथ घेतली, की छत कोसळलं तरी हलणार नाही.

पडदा वर गेला. दिवाणखाना. मधोमध सोफ्यावर घड्याळजी, अनवाणी पाय प्रेक्षकांकडे. एका बाजूला विधवा, म्हणजे शाळेतल्या बाई. दुसऱ्या बाजूला मयताचा धाकटा भाऊ, म्हणजे गावातले विमावाले. दोघं वकिलांची वाट पाहतायत. वकील येऊन मयताची शेवटची इच्छा सांगणार, आणि तोवर या दोघांच्या तोंडून त्या घराचं सगळं दुःख बाहेर येणार, असं ते गंभीर नाटक होतं. सभागृह चिडीचूप झालं. वरच्या दिव्यांची आग थेट लोकरी कोटावर पडत होती.

सुरुवात झकास झाली. घड्याळजींनी श्वास इतका हळू घेतला की पुढच्या रांगेतल्या एका माणसाला खरंच काळजी वाटली. मग डाव्या पायाच्या तळव्याला काहीतरी जाणवलं.

खाजेचं एक असतं. दुखण्याला माणूस दाद न देता राहू शकतो, भूक मारता येते, झोपही टाळता येते. पण खाज आली की जगातली बाकी सगळी कामं मागे पडतात. घड्याळजींनी दात आवळले. खाज तळव्यावरून घोट्यावर आली, तिथून पोटरीवर, आणि तेवढ्यात पाठीवरची दुसरी तुकडी जागी झाली. त्यांनी सगळा जोर लावून पाय आवरला. सगळा आवरला, पण अंगठा निसटला.

"आई, ते हलले," एका लहान मुलीचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

विमावाले तयारीचे. माणूस नाही म्हणत असताना त्याच्याशी तासभर बोलायची त्यांना सवय होती. त्यांनी अंगातला कोट काढला आणि मोठ्या मायेनं घड्याळजींच्या पायांवर टाकला. "दादाच्या पायांना फार गारवा लागायचा," ते दाटल्या आवाजात म्हणाले. मागच्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्याला पदर लावला.

कोटाखाली अंधार मिळाल्यावर घड्याळजींचा निग्रह ढासळला. त्यांनी एका पायानं दुसरा पाय हळूच घासला. मग जरा जोरात. मेलेल्या माणसाच्या पायांवरचा कोट लाटेसारखा वर-खाली व्हायला लागला, तेव्हा बाईंनी पुढच्या प्रवेशातलं रडणं आताच काढलं आणि त्या हंबरडा फोडून घड्याळजींच्या छातीवर कोसळल्या.

"काय चाललंय तुमचं?" त्यांनी हुंदक्यात विचारलं.

"खाज," घड्याळजी ओठ न हलवता म्हणाले.

"कुठे?"

"पाठ. डावीकडे. वर… आणखी वर…"

"अहो, असे कसे गेलात हो!" बाईंनी टाहो फोडला आणि हात सोफ्याच्या बाजूनं आत सारून कोटावरूनच करकरा खाजवायला सुरुवात केली. बोटं बरोबर जागेवर पडली. आणि मग जे होऊ नये ते झालं. मयताच्या तोंडून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा, तृप्तीचा एक लांबलचक उसासा निघाला.

 "वारा सुटलाय," विमावाले म्हणाले आणि खिडकी लावायला गेले. खिडकी कापडावर रंगवलेली होती. त्यांनी ती लावल्यासारखं केलं आणि ते परत आले. या वेळी दोन-तीन ठिकाणी लोक खोकले. खोकला हा असल्या जागी हसण्याचा थोरला भाऊ असतो, हे विंगेत उभ्या असलेल्या मुलीला पुरतं ठाऊक होतं. तिची नजर पहिल्या रांगेतल्या परीक्षकबाईंवर खिळली. बाईंचा चेहरा अंधारात होता, पण कोपर सारखं हलत होतं. थांबायचं आणि पुन्हा हलायचं.

"लिहितायत," ती स्वतःशीच पुटपुटली. "सारख्या लिहितायत. एवढं काय लिहितायत?"

घड्याळजींनी डोळे किलकिले करून पाहिलं होतं. त्यांनाही ते कोपर दिसलं. प्रत्येक हालचालीसरशी पोरीचा एकेक गुण कापला जातोय आणि तो आपल्या पायाच्या अंगठ्यानं कापला जातोय, असं त्यांना वाटलं.  रडू आलं असतं, पण मयतानं रडायचं नसतं.

तेवढ्यात वकील आले.

काळा कोट, हातात पिशवी, औषधवाले रुबाबात आत शिरले. "उशीर झाला, क्षमा करा," हे वाक्य त्यांनी ठसक्यात म्हटलं आणि रिवाजाप्रमाणे मयताकडे वळले. वळले आणि तिथेच थिजले. राखाडी लेपाखालून घड्याळजींचा वरचा ओठ फुगून बाहेर आला होता.

पुढचं वाक्य औषधवाल्यांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. तिथे आता एकच विचार होता. ओठ सुजला, म्हणजे जीभ. जीभ सुजली, म्हणजे घसा. आणि हा गृहस्थ मेल्याचं सोंग घेऊन पडलाय, म्हणजे खरंच काही झालं तरी शेवटपर्यंत कोणाला कळायचं नाही! ते मयताला नमस्कार करायच्या मिषानं खाली वाकले. इतके, की त्यांचं नाक घड्याळजींच्या कानाला लागलं.

"घड्याळजी, श्वास लागतोय का? लागत असेल तर पाय हलवा. नुसता पाय."

घड्याळजींचा श्वास छान चालला होता. हे त्यांना सांगायचंही होतं. पण त्याच क्षणी तळव्याची खाज असह्य झाली आणि पाय हलला. एकदा नाही, तीनदा. कोट घसरून खाली पडला.

औषधवाले ताठ उभे राहिले. त्यांचा चेहरा जितका पांढरा पडला होता, तितका पांढरा रंग रंगपटात नव्हता.

"थांबा!" ते ओरडले. "हा माणूस मेलेला नाही!"

 विमावाल्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी विमावाल्यांकडे. असं वाक्य नाटकात कुठेच नव्हतं.

"वकीलसाहेब," विमावाले चाचरत म्हणाले, "डॉक्टर स्वतः सांगून गेलेत."

"डॉक्टरांनी याला पुष्कळ सांगितलं होतं! यानं एक ऐकलं नाही! पडदा पाडा! पडदा!"

मुलीनं दोरी धरली. तिला काय झालंय ते कळत नव्हतं, पण औषधवाल्यांचा आवाज खोटा नव्हता. घड्याळजींना किलकिल्या डोळ्यांतून विंग दिसत होती आणि तिथे आपल्या पोरीचे दोन हात दोरीवर दिसत होते. तीन वर्षांची मेहनत. तो पडदा अर्ध्या नाटकात खाली येणार, आणि तोही आपल्यामुळे. शपथ, निग्रह, डॉक्टर, सगळं विसरून घड्याळजी सोफ्यावर ताडकन उठून बसले.

"पडदा पाडायचा नाही!" ते गरजले. "मी मेलोय!"

सभागृहाचं छत उडालं. इतका वेळ खोकून काढलेलं सगळं हसू एकदम बाहेर पडलं. त्या गदारोळात घड्याळजी हातवारे करून औषधवाल्यांना बजावत राहिले, "श्वास ठीक आहे माझा! खाज सुटलीय, म्हणून पाय हलला. तुम्ही बोला पुढचं!" आणि एवढं सांगून ते पुन्हा आडवे झाले, त्यांनी हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले.

आता पुढचं बोलायचं कोणी? बाई शाळेत पंचवीस वर्षं शिकवत होत्या. वर्गात काहीही झालं तरी धडा पुढे न्यायचा, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. हसू ओसरायची वाट पाहून त्यांनी पदर सावरला आणि स्वतःचं वाक्य घेतलं.

"चाळीस वर्षं संसार केला. पण यांनी मनातलं कधी मला सांगितलं नाही. दुखलं-खुपलं, तेही नाही. परक्यासारखं लपवलं."

"अगदी बरोबर बोललात, बाई!" सभागृहाच्या मधून आवाज आला.

घड्याळजींनी तो आवाज ओळखला आणि डोळे आणखी घट्ट मिटले. त्यांची बायको उठून, रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत, तरातरा रंगमंचाकडे निघाली होती. पायऱ्या चढून ती सोफ्याजवळ आली.

"जरा सरका," ती विधवेला म्हणाली. विधवा सरकली. बायकोनं घड्याळजींच्या कोटाची बटणं काढली आणि आत पाहून कपाळावर हात मारला. "अग्गबाई! किती उठल्यात या! कधीपासून?"

"मी मेलोय," घड्याळजी पुटपुटले.

"मेल्याचं सोंग माझ्यापुढे नको! गोळी सकाळी घेतलीत ना? डॉक्टरांना दाखवलंत हे?"

घड्याळजींचा एक डोळा उघडला. "कसली गोळी?"

"भिंतीवरच्या घड्याळातली! अहो, तीस वर्षांत तुमच्या दुकानाच्या भिंतीवर कधी बंद घड्याळ पाहिलं नाही मी. डबा द्यायला आले तर एक घड्याळ गप्प. म्हटलं, हे याला चालू करीत नाहीत म्हणजे पोटात काहीतरी आहे त्याच्या. उघडलं तर पट्टी!" तिनं कोटाचं उरलेलं बटण काढलं. "गोळीचं मला पहिल्या आठवड्यातच कळलं. पण या गांध्यांचं नाही कळलं. एवढी आग होत होती अंगाची, आणि शेजारी झोपून मला एक शब्द नाही?"

सभागृहात कोणी हसत नव्हतं. घड्याळजींनी दुसरा डोळाही उघडला.  मुलीनं दोरी सोडली आणि पडदा खाली आला.

मग एकच धांदल उडाली. औषधवाले गाडी आणायला धावले. बायको घड्याळजींना कोटातून सोडवत होती. घड्याळजी राखाडी तोंडानं पोरीसमोर उभे राहिले आणि त्यांना तिच्याकडे बघवेना. "माझ्यामुळे गेलं गं सगळं," ते म्हणाले. "हलणार नाही म्हटलं होतं तुला."

मुलगी काही बोलणार, तोच रंगपटाच्या दारात परीक्षकबाई उभ्या राहिल्या.  बाईंच्या चेहऱ्यावर खरोखरच माशी हलत नव्हती.

"मयत कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मी," घड्याळजी म्हणाले.

"गोळी कोणती?"

गाडी आणून परतलेल्या औषधवाल्यांनी दारातूनच नाव सांगितलं. परीक्षकबाईंनी हळूच डाव्या हाताची बाही कोपरावर सरकवली. दंडापर्यंत लाल गांध्या होत्या, वरून नखांचे ओरखडे.

"पंधरा दिवस झाले मला ही सुरू होऊन," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "सकाळपासून तीन नाटकं खाजवत पाहिली. मला वाटलं, या नाट्यगृहाच्या खुर्च्यांत ढेकूण आहेत. आयोजकांची तक्रार करणार होते मी."

"म्हणजे तुम्ही लिहीत नव्हतात?" मुलीच्या तोंडून निघून गेलं.

"कसलं लिहिते? तुमचा मयत सुखी, त्याला निदान खाजवायला बाई होती. तुमच्या गाडीत जागा आहे का?"

अशा रीतीनं एक मयत, त्याची खरी बायको, लेक, वकील आणि परीक्षक अशी वरात दवाखान्यात पोचली. डॉक्टर नुकतेच येऊन टेकले होते. राखाडी चेहऱ्याच्या घड्याळजींना आत येताना पाहून ते खुर्चीतून अर्धवट उठले. मग त्यांनी जीभ पाहिली, घसा पाहिला, छातीला नळी लावली, सुई टोचली आणि यथेच्छ झापलं. घड्याळजींना, औषधवाल्यांना आणि ओळख नसताना परीक्षकबाईंनाही. दोघांची गोळी बदलली. "थोडक्यात निभावलं," ते म्हणाले. "गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, तसं अंगावर उठलेलं लपवायचंही नाही. आता तासभर इथेच आडवे पडा. माझी नजर हवी."

"तासभर?" घड्याळजी खाटेवरून पाय खाली सोडत म्हणाले. "बसतो ना खुर्चीत. दिवसाढवळ्या आडवं पडायची सवय नाही मला."

"बाबा," मुलगी म्हणाली. "पडा. डोळे मिटा. श्वास हळू. हात सैल सोडा."

घड्याळजी निमूट पडले. डोळे मिटले. आणि मग त्यांनी ते सावकाश उघडले. केसाएवढी स्प्रिंग कुठे अडकलीय हे ज्याला नुसतं ऐकून कळतं, त्या माणसाला ही चार वाक्यं कळायला तीन आठवडे लागले होते.

"का गं," त्यांनी छताकडे बघत विचारलं, "हे नाटक तू पहिल्यांदा लिहिलंस, तेव्हा मयत कुठे होता?"

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं खिडकीबाहेर पाहिलं.

"आतल्या खोलीत," मुलगी म्हणाली. "रंगमंचावर नव्हताच तो. आई ती पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेली होती. ते म्हणाले, नुसत्या गोळीनं भागणार नाही, रोज दुपारी तासभर शांत पडायला लावा."

"सांगितलं असतं तर ऐकणार होतात?" बायको अजून खिडकीकडेच बघत होती. "तीस वर्षं सांगतेय, दुपारी जरा पाठ टेका. म्हणून म्हटलं हिला, मार बाई यांना. पण अर्धं नाटक नको, पूर्ण नाटकभर मेलेले राहू देत. घर डोक्यावर घेतलं होतं, तेही तुम्हाला संशय येऊ नये म्हणून."

घड्याळजींच्या राखाडी गालावरून एक ओघळ कानाकडे गेला आणि त्याच्या मागे गुलाबी रेघ उमटली. तालमीतल्या त्या दुपारी त्यांना आठवल्या. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा म्हणत पोरीनं काढलेला प्रत्येक तास. दुकान बंद ठेवून, ते फक्त मेले आहेत या समजुतीवर, तीन आठवडे सुखानं पडून राहिले होते.

"पण बक्षीस?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या खाटेवर परीक्षकबाई आडव्या होत्या, त्यांनाही तासभर पडायला सांगितलं होतं. "बक्षीस नाही मिळणार," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "मयताला संवाद नव्हता, तो बोलला. बायको तर पात्रातच नव्हती. नियम म्हणजे नियम."

"नसू दे," मुलगी म्हणाली आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं. "ज्यासाठी त्यांना सोफ्यावर आणलं होतं, ते झालं."

 घड्याळजींचा पाय चादरीखाली हळूच हलला.

"बाबा."

पाय थांबला.

"आणि ऐक," बायको मुलीकडे वळून म्हणाली, "पुढच्या नाटकात यांना मारायचं नाही. माझ्या जिवाला घोर लागतो. नुसते झोपलेले दाखव."

"चालेल," घड्याळजी डोळे मिटून म्हणाले. "झोपायचं किती वेळ?"

"पुढचं तीन अंकी आहे, बाबा," मुलगी म्हणाली.